अंधारातल्या घराची मागणी किती?

५ एप्रिल २०२०, रविवार. लॉकडाऊनचा दुसरा आठवडा. रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं घरातले दिवे बंद करा आणि दारात पणती, मेणबत्ती, टॉर्च लावा, असं पंतप्रधानांनी दोन दिवस आधी सांगितलं होतं. आमच्या दरेकसात अंधार ही काही नवी गोष्ट नव्हे, त्यामुळे गंमत म्हणून मुलं बाहेर आली, नऊ मिनिटांनी आत गेली. दिल्लीतल्या ग्रिडवाल्यांचा जीव मात्र त्या नऊ मिनिटांत टांगणीला लागला होता. देशातल्या घरांतले दिवे एकदम बंद झाले तर किती मागणी कमी होईल, याचा त्यांनी आधी हिशोब केला होता: १२ ते १४ हजार मेगावॉट. प्रत्यक्षात मागणी कमी झाली सुमारे ३१ हजार मेगावॉटनं. दुपटीपेक्षा जास्त चूक! जलविद्युत केंद्रं झपाट्यानं खाली आणि पुन्हा वर नेता येतात म्हणून ग्रिड वाचलं.

त्या रात्रीच्या बातम्यांत ग्रिड कसं सावरलं याचं कौतुक भरपूर झालं, आणि ते योग्यच होतं. माझ्या मनात मात्र वेगळाच प्रश्न राहिला. आपल्या घरांत नक्की काय जळतं, किती जळतं, हे इतक्या मोठ्या देशाच्या इतक्या हुशार इंजिनिअरांना माहीत नव्हतं का? की आजवर कोणी घरात येऊन विचारलंच नव्हतं? या प्रश्नाचा माग काढता काढता मी महाराष्ट्राच्या विजेच्या इतिहासात शिरलो. मी भाषेचा शिक्षक, इंजिनिअर नव्हे. म्हणून जे समजलं ते साध्या शब्दांतच सांगणार आहे.

वीज धानासारखी कोठीत भरून ठेवता येत नाही. बॅटऱ्या आत्ता आत्ता आल्या, त्याही अजून थोड्या. ज्या क्षणी बटण दाबलं त्याच क्षणी कुठेतरी ती तयार व्हावी लागते. त्यामुळे वीज खात्याला दोन अंदाज बांधावे लागतात. एक उद्याचा, दर पंधरा मिनिटांचा. दुसरा दहा वर्षांनंतरचा, कारण औष्णिक केंद्र उभं राहायला पाच-सहा वर्षं जातात आणि ते पुढे पंचवीस वर्षं चालवायचं असतं. पहिला अंदाज चुकला तर ग्रिड कोसळतं, आणि ते लगेच दिसतं. दुसरा चुकला तर बिल वाढतं किंवा घर अंधारात राहतं, आणि ते कोणाच्या चुकीमुळे झालं हे कधी कळतच नाही. हा लेख दुसऱ्या अंदाजाबद्दल आहे.

सुरुवातीच्या काळात ही अडचण उलटी होती. मुंबईत १९०५ मध्ये वाडी बंदरला ट्रामसाठी वीजकेंद्र सुरू झालं. १९१० मध्ये टाटांनी जलविद्युत कंपनी काढली, १९१५ मध्ये खोपोलीहून मुंबईला वीज आली. तेव्हा प्रश्न ‘मागणी किती’ असा नव्हता, ‘घेणार कोण’ असा होता. गिरणीमालकांकडे वाफेची इंजिनं होती, ती मोडीत काढायला ते सहज तयार नव्हते. गिऱ्हाईक आधी पक्कं करायचं आणि मग धरण बांधायचं, अशी ती व्यापाऱ्याची शिस्त. घरातला दिवा त्या हिशोबात फार छोटा होता. आमचा मुलूख तर हिशोबाच्या बाहेरच. भंडारा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात, १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात. आमचा गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा निघाला तो १ मे १९९९ ला.

२० जून १९६० ला महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं आणि व्यापाऱ्याची शिस्त जाऊन सरकारी पट्टी आली. पट्टी शब्दशः म्हणतोय. आलेख कागदावर मागची दहा वर्षं किती वीज विकली ते बिंदू मांडायचे, त्यांवर पट्टी ठेवायची आणि रेघ पुढे ओढायची. जगभर हेच चाललं होतं. अमेरिकेत दर दहा वर्षांनी मागणी दुप्पट होते हा जणू निसर्गनियम मानला जायचा. १९७३ च्या तेलसंकटानंतर तो नियम मोडला आणि वॉशिंग्टन राज्यातल्या एका सार्वजनिक वीजसंस्थेनं अणुभट्ट्यांसाठी काढलेले सव्वादोन अब्ज डॉलरचे रोखे १९८३ मध्ये बुडाले. पण बातमी कळली म्हणून कोणी पट्टी फेकून देत नाही.

आपल्याकडे पट्टीत आणखी एक खोट होती. विकलेली वीज मोजलीच जात नव्हती. १९७० च्या दशकात शेतीपंपांना मीटरऐवजी हॉर्सपॉवरवर ठोक आकारणी सुरू झाली. तयार केलेल्या विजेतून मीटरवर मोजलेली वीज वजा केली की जे उरतं त्यात शेतकऱ्याचा पंप आला, तारांमधली गळती आली आणि चोरीही आली. यातलं कोणतं किती, हे मंडळ ठरवेल तसं. मंडळ गळती पंधरा-सतरा टक्के दाखवायचं. बाकी सगळं शेतकऱ्याच्या नावावर. पुढे वीज नियामक आयोग आला, २००० साली पहिल्यांदा जाहीर सुनावणीत हिशोब उघडावा लागला आणि गळती तीस टक्क्यांच्या वर निघाली. म्हणजे दोन दशकं जी ‘शेतीची मागणी’ म्हणून पुढे ओढली गेली, तिच्यातली बरीचशी कोणाच्याच शेतात पोहोचली नव्हती.

याच आकड्यांच्या जोरावर एन्रॉन आली. २० जून १९९२ ला सामंजस्य करार झाला आणि ८ डिसेंबर १९९३ ला वीजखरेदी करार. मधल्या काळात, एप्रिल १९९३ मध्ये, जागतिक बँकेनं या प्रकल्पाला कर्ज देण्यास नकार दिला होता. तिचं म्हणणं असं की, आयात गॅसवर चोवीस तास चालवायची इतकी महाग आणि इतकी मोठी वीज महाराष्ट्राला परवडणारी नाही. जागतिक बँक म्हणजे कोणी आंदोलक नव्हे. तरी तिचं ऐकलं गेलं नाही. १९९५ मध्ये सरकार बदललं, करार रद्द झाला, काही महिन्यांत फेरवाटाघाटी होऊन आधीपेक्षा मोठा झाला. मे १९९९ मध्ये दाभोळचा ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला.

करारातली मेख समजून घ्या. शाळेसाठी पन्नास सीटांची बस महिन्याच्या ठोक भाड्यानं घेतली आणि मुलं आली वीस, तर प्रत्येक मुलामागे भाडं अडीचपट पडतं. मंडळानं तशीच बस घेतली होती. केंद्र तयार असेल तर वीज घ्या अथवा न घ्या, स्थिर आकार द्यायचाच. आणि मुलं वीसच आली. दर वाढले तसे मोठे कारखाने स्वतःची वीज करू लागले. पट्टीनं ओढलेल्या रेघेत किंमत वाढली की माणूस वापर कमी करतो ही साधी गोष्ट नव्हतीच. काही महिन्यांत दाभोळची वीज युनिटमागे सात रुपयांच्या वर गेली. मे २००१ मध्ये केंद्र बंद पडलं, डिसेंबरमध्ये एन्रॉनच दिवाळखोर झाली. माधव गोडबोले समितीनं त्याच वर्षी सगळा कारभार तपासून अहवाल दिला. तो वाचताना एक गोष्ट खटकत राहते: अंदाज ज्यांनी बांधला, त्यांच्यापैकी कोणाच्याही खिशातून काही गेलं नाही.

इथे मला हजरत यूसुफ (अलैहिस्सलाम) आठवतात. सात धष्टपुष्ट गाईंना खाणाऱ्या सात हडकुळ्या गाई, सात हिरवी कणसं आणि सात वाळलेली. मिसरच्या बादशहाचं हे स्वप्न कुरआनात आणि बायबलमध्येही आहे, बहुतेकांना माहीत असतं. आपण ते ताबीर म्हणून वाचतो. एकदा नियोजन म्हणून वाचून पाहा. यूसुफनी फक्त भाकीत सांगितलं नाही. धान्य कणसातच ठेवा म्हणजे टिकेल, खायला लागेल तेवढंच काढा, हे त्यात आलं. आणि मग कोठारांची जबाबदारी स्वतःकडे मागून घेतली. अंदाज सांगणारा माणूस त्या अंदाजाखाली स्वतः उभा राहिला.

दाभोळचा गदारोळ सुरू होण्याआधीपासूनच काही लोक वेगळ्या वाटेनं मोजत होते. बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधले प्रा. अमूल्य रेड्डी आणि त्यांचे सहकारी यांनी १९९१ मध्ये कर्नाटकचा अंदाज नव्यानं मांडला. त्यांनी विक्रीच्या रेघेला हात लावला नाही. माणसाला युनिट नको असतात. त्याला उजेड हवा, पाणी वर चढायला हवं, भाकरी शिजायला हवी, असं म्हणून त्यांनी घराघरातल्या कामांपासून बेरीज केली. वीज नसलेल्या घरांना वीज मिळेल असं धरलं, साध्या बल्बच्या जागी काटकसरी दिवा येईल असंही धरलं. बेरीज आली ती सरकारी आकड्याच्या निम्म्याहून कमी. पुण्यात ‘प्रयास’च्या गिरीश संत, शंतनु दीक्षित यांनी महाराष्ट्रासाठी त्याच रीतीनं कमी खर्चाचा आराखडा केला आणि दाभोळचा करारही आकड्यांनी तपासला. हे काम त्यांनी मराठी माणसांसमोर, सुनावण्यांमध्ये उभं राहून केलं. आपल्या समाजातले तरुण मला विचारतात, हक्कासाठी काय करायचं. मी म्हणतो, आधी बिल वाचायला शिका.

मग २००५ उजाडलं आणि नाटकाचा दुसरा अंक सुरू झाला. जादा विजेच्या भीतीनं मधली काही वर्षं राज्यात फारशी नवी क्षमता आलीच नव्हती. मागणी वाढली, तूट चार-पाच हजार मेगावॉटवर गेली, आणि भारनियमन हा शब्द लहान मुलांच्या तोंडी बसला. मंडळाचे भाग होऊन महावितरण आली. तिनं फीडरांचे गट पाडले: ज्या भागात गळती कमी आणि वसुली चांगली तो अ गट, उतरत उतरत शेवटी ग. वरच्या गटाला कपात कमी, खालच्याला जास्त. कागदावर हा न्याय वाटतो. पण खालच्या गटातल्या फीडरवर नियमानं बिल भरणारी विधवाही होती, आणि तिच्याही घरात तेवढाच अंधार होता. मोहल्ल्यातल्या एकाच्या गुन्ह्यासाठी सगळ्या मोहल्ल्याला शिक्षा. हा हिशोब आपल्या लोकांना इतर बाबतींतही ओळखीचा आहे, जास्त बोलत नाही.

भिवंडी आणि मालेगावची नावं या काळात वीजचोरीची गावं म्हणूनच छापून यायची. चोरी होत नव्हती असं मी म्हणणार नाही. होत होती, आणि चोरीची वीज हराम आहे हे मशिदीतल्या बयानांतूनही सांगितलं गेलं आहे. २६ जानेवारी २००७ ला भिवंडीचं वितरण टोरेंटकडे फ्रँचायझीवर गेलं, देशातला असा हा पहिला प्रयोग. तेव्हा वितरण आणि वसुली मिळून नुकसान निम्म्याहून जास्त होतं, नंतर ते बरंच खाली आलं. पण अंदाजाच्या कोनातून पाहिलं तर दुसरंही काही दिसतं. भिवंडीत खाली लूम आणि वर संसार अशी किती घरं! ते घर घरगुती की औद्योगिक? लूम चालते म्हणून पंखा चालतो, लूम बंद पडली की चूलही बंद. वीज खात्याच्या तक्त्यात घरगुती, वाणिज्यिक, औद्योगिक असे वेगवेगळे रकाने आहेत. विणकराचं आयुष्य कुठल्याच रकान्यात पुरतं मावत नाही. जे रकान्यात मावत नाही ते मोजलं जात नाही, आणि न मोजलेल्या गोष्टीला पुढे ‘नुकसान’ असं नाव पडतं.

आपल्या महिन्यांचंही तसंच. रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. २०१८ मध्ये तो मे-जूनच्या उन्हात होता, आता फेब्रुवारी-मार्चवर आला आहे. सहरीला पहाटे जेव्हा सगळं गाव झोपलेलं असतं तेव्हा आमच्या गल्लीत मिक्सर, पंखा, मोटर सुरू असते. ग्रिडचा आलेख सूर्याच्या पंचांगावर चालतो, आमच्या गल्लीचा चंद्राच्या. तेहतीस वर्षांनी दोघं पुन्हा त्याच जागी भेटतात. ग्रिडवाल्यांना त्याची चिंता करण्याएवढी आमची गल्ली मोठी नाही, हे मान्य.

आता देशाच्या अंदाजाकडे येऊ. केंद्रीय विद्युत प्राधिकरण दर काही वर्षांनी विद्युत सर्वेक्षण काढतं. त्यात घरांसाठी रीत अशी: ग्राहक किती होतील आणि दर ग्राहकामागे युनिट किती वाढतील, यांचा गुणाकार. दुकानं-कार्यालयांसाठी वेगळा, शेतीसाठी वेगळा. डिसेंबर २०११ च्या अठराव्या सर्वेक्षणानं सांगितलं की २०१६-१७ मध्ये देशाची कमाल मागणी १ लाख ९९ हजार ५४० मेगावॉट होईल. प्रत्यक्षात झाली १ लाख ५९ हजार ५४२. फरक ४० हजार मेगावॉटचा. आमच्या जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला तिरोड्याचं औष्णिक केंद्र आहे, ६६० मेगावॉटचे पाच संच, एकूण ३३०० मेगावॉट. अशी बारा तिरोडे एका अंदाजात जास्तीची निघाली! २०१८ मध्ये संसदेच्या ऊर्जाविषयक समितीनं अडचणीतल्या ३४ औष्णिक प्रकल्पांची यादी दिली, त्यांची क्षमता सुमारे ४० हजार मेगावॉटच. आकडे जुळले हा योगायोग असेल, पण बँकांचं बुडालेलं कर्ज योगायोग नव्हतं. न वापरलेल्या केंद्रांचा स्थिर आकार आजही आपल्या बिलातून जातो.

चुकलं कुठे? विकासदर कमी राहिला, कारखाने अपेक्षेइतके वाढले नाहीत. कर्जात बुडालेल्या वितरण कंपन्या वीज विकत घेण्याऐवजी कपात करत राहिल्या. आणि घरात एक छोटी वस्तू शिरली. २०१४ मध्ये सरकार ३१० रुपयांना घेत होतं तो एलईडी बल्ब २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आला. उजाला योजनेत असे ३६ कोटींहून जास्त दिवे वाटले गेले. ६० वॉटच्या जागी ९ वॉट. २०११ मध्ये पट्टी धरून बसलेल्या माणसाला हा दिवा दिसणं अवघडच होतं, त्याला फार दोष देत नाही.

पण एक दोष मोठा आहे आणि तो अजून पुरता गेलेला नाही. टंचाई किती, हे काढताना जोडलेल्या फीडरवरची कपात धरतात. ज्या घरात मीटरच नाही त्याची टंचाई शून्य! त्याला काही नको असं कागद म्हणतो. ताटात जेवढं वाढलं तेवढीच भूक, असा हा हिशोब. १९९७ पर्यंत गावाच्या हद्दीत कुठल्याही कामासाठी वीज वापरली की गाव ‘विद्युतीकृत’ ठरायचं, एक पंप पुरे. २००४ पासून दहा टक्के घरं आणि शाळेसारख्या सार्वजनिक जागा अशी अट आली. दहा घरांपैकी नऊ अंधारात असली तरी गाव उजेडात. दरेकसाच्या स्टेशनवरून जाणाऱ्या रेल्वेच्या तारेत २५ हजार व्होल्ट आहेत, गाड्या बोगद्यातून छत्तीसगडात शिरतात. तिरोड्याहून निघणारी ७६५ केव्हीची लाइन कोराडी, अकोला करत औरंगाबादपर्यंत जाते. आणि मधल्या टोल्यांवर रॉकेलची चिमणी पेटत होती ते दिवस काही पणजोबांच्या काळातले नाहीत. माझ्या वर्गातल्या मुलांच्या मोठ्या भावंडांनी त्या चिमणीवर अभ्यास केला आहे.

येत्या दहा वर्षांचा अंदाज आता उजेडावर नाही, थंडाव्यावर ठरणार. ३० मे २०२४ ला देशाची मागणी अडीच लाख मेगावॉटवर गेली, ती दुपारच्या उन्हात. २०१९ च्या राष्ट्रीय शीतकरण कृती आराखड्यानुसार तेव्हा देशातल्या जेमतेम आठ टक्के घरांत एसी होता, आणि २०३७-३८ पर्यंत इमारतींमधली थंडाव्याची गरज अकरा पटींनी वाढेल असा अंदाज आहे. दीड टनाचा एक एसी म्हणजे वीस पंखे. मोठ्या व्यापारी इमारतींसाठी २००७ पासून ऊर्जा संवर्धन संहिता आहे, घरांसाठी २०१८ पासून. भिंत कशी, छत कसं, खिडकी कुठे, यावर पुढची तीस वर्षं किती वीज लागेल हे ठरतं, हा त्यामागचा विचार. विचार उत्तम. तालुक्याच्या गावी दुकानांची नवी काचेची तोंडं पाहिली की तो कुठवर पोहोचला ते कळतं.

आमच्याकडे हा अंदाज छतावर वाचता येतो. जुनं घर मातीच्या जाड भिंतींचं, वर कवेलू. मे महिन्यातही आत बसवतं. घरकुल योजनेत त्याच्या जागी स्लॅब येतो. पावसात गळत नाही, दरवर्षी कवेलू फेरायचं काम नाही, पाहुण्यांसमोर मान ताठ. कोणी कवेलूकडे परत जा म्हणालं तर लोक त्याला हसतील, आणि हसावंच. पण दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दोनपर्यंत आग ओकतो. आधी एका पंख्यावर भागत होतं तिथे दोन लागतात, मग कूलर. स्लॅबला चुन्याचा पांढरा हात, वर थोडी सावली, ७५ वॉटच्या पंख्याऐवजी ३० वॉटचा नवा पंखा, एवढ्यानं बरंच भागेल. पण घरकुलाच्या हप्त्यात यातलं काही बसत नाही.

मागच्या उन्हाळ्याआधी मी वर्गातल्या मुलांना एक काम दिलं. घरात विजेवर चालणारं काय काय आहे, रोज किती तास चालतं, वहीत लिहून आणा. म्हणजे अमूल्य रेड्डींची रीत, आठवीच्या वहीत. दिवे, पंखा, मोबाइलचे चार्जर जवळपास सगळीकडे. टीव्ही बऱ्याच ठिकाणी, काहींचा बंद पडलेला. मिक्सर थोड्या घरांत. धानाला पाणी देणारी मोटर काहींनी लिहिली, काहींनी ‘ती घरात नाही, बांधीत आहे’ म्हणून सोडली. एका मुलानं कचारगडच्या यात्रेत वडील पाच दिवस दुकान लावतात तिथला बल्बसुद्धा मोजला; तो घरगुती की वाणिज्यिक, असं त्यानं विचारलं, आणि मला उत्तर देता आलं नाही.

दुसरा रकाना होता: पुढच्या वर्षी काय घेणार? इथे मुलांनी आधी आईला विचारलं असावं, कारण उत्तरं नेमकी होती. फ्रिज, ‘धान चांगलं झालं तर’. वॉशिंग मशीन, ‘ताईच्या लग्नात द्यायचं आहे, म्हणजे आपल्या घरी नाही’. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं पहिल्या रकान्यात दोन दिवे आणि एक पंखा लिहिला होता. दुसऱ्यात लिहिलं होतं: ‘यंदा काही नाही. स्लॅब पडल्यावर कूलर.’